कड्याआधी लेणी

हरिश्चंद्रगडाचे नाव काढले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कोकणकडा उभा राहतो. फोटो तिथले, गर्दी तिथली. शनिवारी रात्री गडावर पोचून पहाटे कड्याकडे धाव घेणारी टोळकीही त्याच ओढीने आलेली असतात. देऊळ आणि लेणी मग उतरायच्या घाईत, अर्ध्या तासात उरकली जातात. हा क्रम उलटा करावा, असे मला फार मनापासून वाटते. कडा पाहताक्षणी भिडतो. त्याला समजावून सांगणारा कुणी लागत नाही. लेण्यांचे तसे नाही. त्यांच्यापाशी बसावे लागते, आत-बाहेर हिंडावे लागते, आणि तेवढा वेळ घरून निघतानाच राखून ठेवावा लागतो.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, ठाणे आणि पुणे जिल्ह्यांच्या सीमा जिथे येऊन भिडतात तिथे हा गड आहे. उंची चौदाशे मीटरच्या वर. कळसूबाईपासून इथपर्यंतचा सुमारे ३६२ चौरस किलोमीटरचा डोंगरपट्टा १९८६ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. म्हणजे आपण एकाच वेळी किल्ल्यावर, देवस्थानात आणि अभयारण्यात पाऊल ठेवतो. आखणी करताना हे तिन्ही ध्यानात ठेवावे.

या उंचीवर माणूस का राहिला, याचे उत्तर पाण्यात आहे. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर. काही थर घट्ट, काही सच्छिद्र, आणि दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा. पावसाचे पाणी भेगांमधून खाली झिरपते, घट्ट थराशी अडते आणि कड्याच्या पोटातून आडवे बाहेर येते. जिथे असा पाझर मिळाला तिथे टाके खोदले गेले, आणि टाक्याच्या आसऱ्याने लेणी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात मेसा व्हर्दे नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे प्राचीन प्वेब्लो लोकांनी साधारण ११९० ते १२८० या काळात कड्यांच्या कपारींत दगडी घरे बांधली. तिथला खडक वाळूचा, आपला लाव्हाचा. त्यांनी तयार कपारीत भिंती उभारल्या, आपल्याकडे अख्खा कातळच आतून पोखरला. पण पाण्याचे गणित तेच. वालुकाश्मातून झिरपलेले पाणी खालच्या शेलच्या थराशी अडते, बाहेर पडते, आणि त्याच झिरपण्याने खडक झिजून कपारी तयार होतात. घर आणि पाणी दोन्ही एकाच कारणाने मिळाले. तिथल्या ‘क्लिफ पॅलेस’ नावाच्या मोठ्या वस्तीत तिकीट काढून, वनरक्षकाच्या सोबतीनेच जाता येते. आपल्या लेण्यांत कुणीही कधीही शिरू शकतो. हे मोकळेपण मला प्रिय आहे, पण त्याची जबाबदारीही मग आपल्यावरच येते.

गडावर पोचल्यावर आधी हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी थांबावे. शिखर सुमारे सोळा मीटर उंच, घडण बाराव्या शतकाच्या आगेमागे शोभणारी. समोर पुष्करणी आहे आणि तिच्या काठाच्या भिंतीत देवकोष्ठांची रांग. आवारात खडकात खोदलेल्या खोल्या आहेत. चांगदेवांनी इथे तप केले असे सांगतात. ही केवळ ऐकीव गोष्ट नाही. ‘तत्त्वसार’ हा त्यांचा ग्रंथ हरिश्चंद्रगडावर, शके १२३४ मध्ये, म्हणजे इसवी सन १३१२ साली पूर्ण झाल्याचे त्या ग्रंथातच नोंदलेले आहे. देवळात शिलालेखही आहेत. मराठीत लिहिणारा माणूस सातशे वर्षांपूर्वी या थंडीवाऱ्यात बसून ग्रंथ पुरा करतो, या एका गोष्टीसाठीसुद्धा इथे तासभर टेकायला हवे.

देवळाच्या खालच्या अंगाला, मंगळगंगेच्या ओढ्याकडे उतरले की केदारेश्वराचे लेणे लागते. आत मधोमध माणसाच्या छातीइतके उंच शिवलिंग आहे आणि त्याच्या चारी बाजूंनी कमरेएवढे पाणी. हे पाणी ऐन उन्हाळ्यातही इतके गार असते की प्रदक्षिणेला उतरलेल्या माणसाच्या पायांना पहिल्या वळणालाच कळा येऊ लागतात. लिंगाभोवती चार खांब होते. आज एकच अखंड आहे. चार खांब म्हणजे चार युगे, आणि शेवटचा पडला की कलियुग संपेल, असे लोक सांगतात. मला मात्र तीन खांब गेल्यावरही टिकून असलेल्या छपराचे जास्त अप्रूप वाटते. लेणे कोरताना वरून खाली खडक काढत येतात. छप्पर आधी, जमीन शेवटी. खांब म्हणजे रचलेला टेकू नव्हे, न काढलेला खडक. छत डोंगराचाच भाग असल्यामुळे बराचसा भार डोंगरच पेलतो. छताकडे आणि भिंतीच्या कडेकडे नीट पाहिले तर छिन्नीचे घाव दिसतात. ते पाहायला विजेरी हवी, मोबाइलचा उजेड पुरत नाही. पावसाळ्यात ओढा फुगला की लेण्यापर्यंत जाता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

तारामती शिखराच्या पोटाला गणेश लेणी आहेत. मोठाल्या खोल्या, जाडजूड खांब, नक्षी बेताची. एका लेण्यात अडीच मीटरच्या आसपास उंचीची गणेशमूर्ती आहे. दिखाऊ काही नाही, म्हणून लोक इथे बॅगा टाकतात आणि पुढे निघतात. उन्हात चालून आल्यावर आत दहा मिनिटे गप्प बसून पाहा. दगडाचा गारवा हळूहळू अंगाला लागतो आणि मुक्कामासाठी हीच जागा का निवडली असेल ते आपोआप समजते.

आता वाटा. घरच्यांना, मुलांना घेऊन जायचे तर पाचनई. अकोल्याहून राजूर गाठावे. राजूर हा अलीकडचा शेवटचा मोठा बाजार, रोख पैसे आणि औषधे तिथेच घ्यावीत, कारण पुढे मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. पाचनईहून माथा दोन-अडीच तासांचा. ही वाट बराच वेळ एका प्रचंड कातळभिंतीच्या खालून जाते. भिंत डोक्यावर छपरासारखी पुढे झुकलेली, पावसाळ्यात तिच्या कडेवरून पाण्याची झालर पडते आणि आपण आतून कोरडे चालत राहतो. पुढे ओढा ओलांडला की देवळाचे शिखर दिसते. दुसरी वाट पुणे जिल्ह्यातल्या खिरेश्वरहून, टोलार खिंडीतून. ही दुप्पट वेळ घेते, मध्ये कातळटप्पा आहे आणि माथ्यावर टेकड्यांमागून टेकड्या येतात. धुक्यात तिथे वाट चुकते, तेव्हा पावसाळ्यात वाटाड्या घेतल्याशिवाय त्या बाजूने चढू नये. बेलपाड्याहून येणारी नळीची वाट अनुभवी गिर्यारोहकांनीच करावी.

दिवस कुठले निवडावेत? पावसाळ्यात हिरवाई असते, पण शनिवार-रविवारी वाटेवर रांगा लागतात आणि धुक्यात लेणी धड दिसत नाहीत. महाशिवरात्रीला यात्रा भरते. तो अनुभव भाविकाचा, तेव्हा लेणी पाहायची आशा ठेवू नये. माझे मत विचाराल तर डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि तोही आठवड्यातला मधला दिवस. थंडी कडक असते, पण हवा स्वच्छ असते आणि कोवळे ऊन लेण्यांच्या तोंडाशी खोलवर येते. कोकणकडा दुपार कलल्यावर गाठावा. सूर्यास्त तिथूनच बघण्यासारखा. इंद्रवज्र मात्र सकाळचे. दरीत धुके आणि पाठीशी पूर्वेचे ऊन असले की आपल्या सावलीभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटते. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली छापलेल्या लेखात त्याची नोंद केली आहे. ते दिसणे नशिबावर, त्यासाठी कड्याच्या कडेशी झुकू नका.

मुक्काम पाचनईत करावा, हा माझा आग्रह आहे. इथे मुख्यतः महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. घराघरांत जेवणाची, झोपायची सोय होते. आदल्या दिवशी फोन करून माणसे सांगितली की गरम भाकरी, पिठले, ठेचा आणि भात तयार असतो. खर्च केलेला पैसा गावात राहतो आणि वरच्या लेण्यांवरचा ताण कमी होतो. गडावर मुक्काम करू द्यायचा की नाही, याबाबत वनखात्याच्या सूचना वेळोवेळी बदलतात, त्या गावात विचारून घ्याव्यात. लेण्यांत चूल कधीच पेटवू नये. धुराची काजळी कातळात मुरते आणि घासून निघत नाही. शिवाय धुराने आणि अत्तराच्या वासाने आग्या मोहोळ उठते, आणि कड्याच्या काठी मधमाश्या अंगावर आल्या तर पळायला जागा नसते. पुष्करणीत साबण, टाक्यात बूट, भिंतीवर नावे यातले काही करणाऱ्याला तिथल्या तिथे हटकावे. मी हटकतो. लोक ऐकतात.

ज्यांना चढ झेपत नाही त्यांच्यासाठी याच जिल्ह्यात दुसरी सोय आहे. नगर-कल्याण रस्त्यावर, नगरपासून चाळीसेक किलोमीटरवर, पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर आहे. गावाजवळच्या टेकडीत सहाव्या शतकाच्या सुमाराचे शैव लेणे आहे आणि ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे. पायऱ्या चढून गेले की खांबांची ओळ, आत सभामंडप, गाभाऱ्यात शिवलिंग आणि त्याभोवती खडकातच कोरलेला प्रदक्षिणामार्ग. सप्तमातृकांचा पट इथे आवर्जून पाहावा. हरिश्चंद्रगडावर खडक बहुतेक मुका आहे, इथे तो मूर्तींनी बोलतो. नगरहून खिरेश्वरला जाणाऱ्यांच्या तर हे वाटेवरच आहे. सकाळी लवकर निघून आधी ढोकेश्वर पाहिले, तर आळेफाटा-ओतूर करत दुपारी खिरेश्वरला पोचता येते आणि गावातले नागेश्वराचे जुने देऊळ उजेडात बघून होते. चढाई दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू करावी.