अनुदानित विद्यापीठीय संशोधनातील पुरवठादार व कंत्राटदार

अनुदानित संशोधन प्रकल्पाला ठरलेल्या मोबदल्यात वस्तू किंवा सेवा देणाऱ्या बाह्य व्यक्ती वा संस्थेस पुरवठादार अथवा कंत्राटदार म्हणतात. संशोधनाची आखणी, निष्कर्ष आणि प्रकाशन यांची जबाबदारी त्यांच्यावर नसते. ती मुख्य अन्वेषक, सह-अन्वेषक व सहयोगी संस्था यांच्याकडे असते. महाविद्यालयीन व्यवहारात या सर्वांना सरसकट ‘वेंडर’ म्हणण्याची सवय आहे व बहुतेक घोटाळा तेथूनच सुरू होतो.

व्याख्या

तयार माल विकणारा तो पुरवठादार, सांगितलेले काम करून देणारा तो कंत्राटदार. ही रेषा दिसते तितकी सरळ नाही. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या आयकर अधिनियम १९६१ च्या कलम १९४ सी मध्ये २००९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, ग्राहकाने दिलेल्या कच्च्या मालापासून त्याच्या मापानुसार वस्तू घडवून देणे हे ‘काम’ ठरले. महाविद्यालयाने स्वतःचे पोलाद देऊन पाण्याचे नमुने काढण्याचे उपकरण घडवून घेतले, तर कारागीर कंत्राटदार होतो आणि विहित मर्यादेपुढील देयकातून करकपात करावी लागते. तेच उपकरण त्याने बाजारातून घेतलेल्या पोलादातून घडवले, तर ती विक्री होते.

अमेरिकेच्या संघीय अनुदान नियमांत ‘वेंडर’ हा जुना शब्द होता. डिसेंबर २०१४ पासून लागू झालेल्या एकत्रित नियमावलीने त्याऐवजी ‘कंत्राटदार’ हा शब्द स्वीकारला आणि उपअनुदान घेणाऱ्या संस्थेपासून त्याचा भेद कायम ठेवला. कराराला कोणते नाव दिले आहे यापेक्षा संबंधाचे प्रत्यक्ष स्वरूप महत्त्वाचे, हे त्यातील सूत्र भारतीय लेखापरीक्षणातही उपयोगी पडते.

भंडारा जिल्ह्यातील स्थिती

जिल्ह्यातील पारंपरिक महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न असून त्या विद्यापीठास महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ लागू आहे. साकोली येथील भात संशोधनाचे केंद्र मात्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे, म्हणजे वेगळ्या कायद्याखालचे आहे. केंद्रीय अनुदान आले की त्याच्या मंजुरी आदेशातील अटी व सामान्य वित्तीय नियम २०१७ यांचीही भर पडते. जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक संशोधनासाठी दरपत्रकाविना खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपये केली. विशेष उपकरणे ‘जेम’ या शासकीय ई-बाजारपेठेबाहेरून घेण्याचा अधिकारही संस्थाप्रमुखांना देण्यात आला.

भेद कसा करावयाचा याचे उदाहरण जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलावांवरून देता येईल. एखाद्या तलावातील मासे व पाणवनस्पती यांचा अभ्यास घेतला, की काचसामान देणारे दुकान पुरवठादार ठरते आणि पाण्याचे ठरीव परीक्षण करणारी नागपूरची प्रयोगशाळा कंत्राटदार. तिच्या अभ्यासकांनी परीक्षणाची पद्धत ठरवली व निष्कर्षांचा अन्वयार्थ लावला, तर ती सहयोगी संस्था होते. अशा वेळी तिला निव्वळ दरपत्रकावर नेमणे योग्य नाही.

ढिवर मच्छीमारांचे स्थान ठरवणे सर्वांत अवघड. डोंगा भाड्याने दिला, जाळे टाकले, तर मजुरीचे देयक पुरेसे असते. परंतु माशांची स्थानिक नावे, त्यांच्या विणीचा काळ आणि कोणती वनस्पती कोठे लावावी हे ज्ञान त्यांच्याकडूनच येते. केवळ पावतीवर अंगठा घेतल्याने ज्ञानदात्याची नोंद राहत नाही. जैविक विविधता अधिनियम २००२ खालील लोकजैवविविधता नोंदवह्यांत असे ज्ञान ग्रामपातळीवर नोंदवले जाते, संशोधन प्रकल्पाच्या हिशेबात मात्र त्यासाठी स्वतंत्र रकाना नसतो.

परिणाम

प्रकल्पाच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र निधी देणाऱ्या संस्थेस द्यावे लागते. सहयोगी संस्थेला दिलेली रक्कम ‘खरेदी’ म्हणून दाखवली आणि दरपत्रके नसली, तर लेखापरीक्षक तो खर्च अमान्य करू शकतो व रक्कम परत करण्याची वेळ महाविद्यालयावर येते. अन्वेषकाच्या नातेवाइकाची संस्था पुरवठादार असल्यास ते संबंध खरेदीपूर्वी लेखी कळवणे आवश्यक असते. अनुदानातून घेतलेली उपकरणे जडवस्तू नोंदवहीत चढवावी लागतात व निधी देणाऱ्या संस्थेच्या परवानगीवाचून विकता येत नाहीत.