रेहल घेताना

रमजान जवळ आला की बाजारात रेहली दिसू लागतात. काही प्लास्टिकच्या, काही प्लायच्या दोन तुकड्यांना लोखंडी बिजागरी ठोकलेल्या, आणि एखाद्या कोपऱ्यात खऱ्या लाकडाच्या. किमतीत चांगलाच फरक असतो. "एवढे पैसे कशाचे?" असे गिऱ्हाईक विचारते. प्रश्न रास्त आहे. पण दुकानदाराने रेहल घडताना पाहिलेली नसते, त्यामुळे उत्तर मिळत नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी एक उस्ताद आहेत, मूळचे सहारनपूरचे. उत्तर प्रदेशातले हे शहर लाकडावरच्या कोरीवकामासाठी नावाजलेले. या धंद्यात तिथे मुसलमान कारागीर मोठ्या संख्येने आहेत, आणि वेलबुट्टीची नक्षी ही त्यांची ओळख. उस्तादांच्या एका खोलीच्या कारखान्यात आम्ही रेहल बनताना पाहिली आहे. फळी एकच असते. तिच्यावर एका आडव्या पट्ट्यात दोन्ही अंगांनी पटाशीने दात कोरतात. एक दात वरच्या पाकळीचा, पुढचा खालच्या. मग फळीच्या जाडीतून करवत चालते, दोन्ही टोकांकडून थेट त्या दातांपर्यंत. शेवटी हलक्या हाताने ताणले की फळी उघडते आणि दात एकमेकांत अडकून राहतात. खिळा नाही, बिजागरी नाही, सरस नाही. एखादा दात तुटला तर सगळी मेहनत वाया. नक्षी त्यानंतरची गोष्ट.

म्हणून घेताना आधी नक्षी पाहू नये, दात पाहावेत. तिथे लाकडाची गाठ असेल तर ती रेहल ठेवून द्यावी. पाच-सहा वेळा उघडून मिटून पाहावी. खडखडली किंवा अडली तर काहीतरी बिघडले आहे. शीशम असेल तर गडद तपकिरी भाग घ्यावा. कडेचा फिकट पांढुरका भाग किडीला लवकर बळी पडतो. बारीक भोके किंवा पिठासारखा भुसा दिसला की समजावे. (उत्तरेचा शीशम आणि आपल्याकडचा शिसव एकाच कुळातले, पण झाडे वेगळी.) लाकूड नीट सुकलेले आहे ना, हे विचारावेच. ओल्या लाकडाची रेहल नंतर सुकताना वाकते आणि मग मिटतच नाही. पॉलिशला उग्र वास येत असेल किंवा हाताला चिकटत असेल तर ती कुरआनच्या बांधणीला डाग लावणार. आणि सोपी गोष्ट, जी सगळे विसरतात: घरातल्या कुरआनची रुंदी मोजून न्यावी. तर्जुमा-तफसीर असलेला मोठा कुरआन लहान रेहलीवर डुगडुगतो.

बनवून घेणे सर्वांत चांगले. मिंबरचेच पाहा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका अन्सारी स्त्रीला निरोप पाठवला, तिच्याकडे सुतारकाम जाणणारा गुलाम होता, आणि त्याने झाऊच्या लाकडाचे मिंबर तयार केले, बुखारी शरीफमध्ये हे आले आहे. हनफी फिकहमध्ये अशा मागणीच्या व्यवहाराला इस्तिस्ना म्हणतात. माप, लाकूड, किंमत आधी स्पष्ट ठरली पाहिजे. पैसे आधी, नंतर किंवा हप्त्याने दिले तरी चालते. शाफई मस्लकात असा व्यवहार सलमच्या नियमांत बसवावा लागतो, म्हणजे सगळी रक्कम आधी. कोकणातल्या वाचकांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

घासाघीस ठरवताना करावी, त्याला कोणाची मनाई नाही. ठरल्यानंतरची घासाघीस मात्र आम्हांला खपत नाही. आमच्या शाळेत कुरआन पूर्ण केलेल्या मुलांसाठी बारा रेहली सांगितल्या होत्या. माल आला, सुरेख होता. वर्गणी सांभाळणाऱ्या गृहस्थांनी तिथल्या तिथे नगामागे पन्नास रुपये कमी केले, "घाऊक घेतोय ना" म्हणून. उस्तादांनी काही न बोलता पैसे घेतले. मजुरी आणि घामाची ती हदीस आमच्याच वर्गात मुले घडाघडा म्हणतात. आम्ही उरलेले सहाशे रुपये शिक्षकांत गोळा करून संध्याकाळी पोहोचवले, तेव्हा उस्तादांचा मुलगा एकटाच करवत चालवत होता. तो पुढच्या महिन्यात एका मोबाईलच्या दुकानात लागणार आहे. पगार ठरलेला, दर महिन्याला हातात.

घरी आणल्यावर रेहल उन्हात ठेवू नये. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नये, ओल धरते. कोरड्या फडक्याने पुसावी; वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा अगदी हलका हात फिरवून चांगली वाळू द्यावी, मगच तिच्यावर कुरआन ठेवावा. नक्षीतली धूळ जुन्या मऊ ब्रशने निघते.

रमजानसाठी नवी हवी असेल तर रज्जबमध्येच सांगून ठेवावी. शाबान अर्धा सरला की कारागिराकडे मागण्यांची रीघ लागते, आणि घाईच्या कामात लाकूड सुकायला वेळ मिळत नाही.