नव्या कर्नलची सुरक्षित चाचणी

लिनक्स कर्नल हा संगणकाचे हार्डवेअर आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामधला थर आहे. प्रोसेसरचा वेळ आणि मेमरी कोणाला किती मिळावी हे तो ठरवतो, डिस्क आणि नेटवर्कचे व्यवहारही तोच पाहतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या या कर्नलची नवी आवृत्ती आता साधारण ९ ते १० आठवड्यांनी येते. पहिल्या २ आठवड्यांत नवे बदल स्वीकारले जातात. त्यानंतर दर आठवड्याला एक ‘आरसी’, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती निघते. बहुधा सातव्या किंवा आठव्या आरसीनंतर अंतिम आवृत्ती जाहीर होते. नव्या लॅपटॉपचे वायफाय किंवा ग्राफिक्स कार्ड जुना कर्नल ओळखत नसेल, तर घरच्या वापरकर्त्यालाही नव्या कर्नलकडे वळावे लागते.

नवा कर्नल वापरून पाहण्याचा प्रयोग शक्य होतो, कारण एकाच संगणकावर अनेक कर्नल शेजारी शेजारी राहू शकतात. प्रत्येकाची फाइल ‘बूट’ या फोल्डरमध्ये आणि मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरसारखे सुटे भाग, आवृत्तीच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. संगणक सुरू होताना ग्रब या बूटलोडरच्या यादीतून हवा तो कर्नल निवडता येतो. फेडोरा हे लिनक्स वितरण तर मुळातच शेवटचे ३ कर्नल ठेवते. म्हणून पहिला नियम असा, की व्यवस्थित चालणारा कर्नल काढून टाकू नये आणि नवा लगेच कायमचा ठरवू नये. नेहमीचा कर्नल म्हणून जुनाच ठेवून ग्रबमध्ये फक्त पुढच्या एका बूटसाठी नवा कर्नल नेमता येतो. तो अडकला, तर संगणक पुन्हा सुरू करताच जुना कर्नल आपोआप येतो.

नवा कर्नल शक्यतो आपल्या वितरणाकडूनच घ्यावा. डेबियनचे बॅकपोर्ट्स आणि उबुंटूचे एचडब्ल्यूई कर्नल याच गरजेसाठी आहेत. उबुंटूचे ‘मेनलाइन’ कर्नल चाचणीसाठी असतात. त्यांवर सिक्युअर बूट या सुरक्षा सोयीला मान्य असलेली स्वाक्षरी नसते, त्यामुळे ती सोय चालू असलेल्या संगणकावर ते सुरू होत नाहीत. एनव्हीडियाचा ड्रायव्हर किंवा व्हर्च्युअलबॉक्स यांची मॉड्यूल प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधावी लागतात. हे काम डीकेएमएस हे साधन करते, पण अगदी ताज्या कर्नलवर ही बांधणी अयशस्वी होऊ शकते. ‘बूट’साठी वेगळे विभाजन असेल, तर तिथे पुरेशी जागा आहे ना, हेही आधी पाहावे.

एवढ्या काळजीने जुना कर्नल परत मिळतो. बिघडलेला डेटा मात्र परत मिळत नाही. मार्च २०२१ मध्ये ५.१२ च्या पहिल्या आरसीत स्वॅप फाइलचा मजकूर डिस्कवर भलत्याच जागी लिहिला जात होता. फाइल सिस्टमच त्यात उद्ध्वस्त होऊ शकत असल्याने टोरवाल्ड्स यांनी त्या आवृत्तीच्या नावालाच ‘वापरू नका’ असा शेरा जोडला. स्थिर आवृत्तीही अपवाद नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ या कर्नलमधील दोषामुळे ईएक्सटी४ या फाइल सिस्टमवरील डेटा खराब होण्याचा धोका निर्माण झाला. डेबियनने १२.३ चे प्रकाशन थांबवले आणि दुरुस्त कर्नलसह थेट १२.४ प्रसिद्ध केली. २००८ मध्ये तर २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांनी इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांमधील कायमस्वरूपी मेमरीच बिघडवली होती. असे नुकसान जुना कर्नल सुरू करूनही भरून निघत नाही.

म्हणून बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यावा आणि चाचणीच्या वेळी ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. बीटीआरएफएस या फाइल सिस्टमचा स्नॅपशॉट उपयोगी असला, तरी तो त्याच डिस्कवर असतो, त्यामुळे बॅकअपची जागा घेऊ शकत नाही. आरसी आवृत्ती आधी क्यूईएमयूसारख्या आभासी संगणकात चालवून पाहावी. खऱ्या हार्डवेअरचे ड्रायव्हर तिथे तपासले जात नाहीत, म्हणून पुढची चाचणी शक्यतो वेगळ्या डिस्कवर करावी आणि मुख्य डिस्क जोडूच नये.

बूट झाल्यावर ‘युनेम’ या आज्ञेने कोणता कर्नल चालू आहे याची खात्री करावी. मग कर्नलच्या नोंदींतील त्रुटी वाचाव्यात आणि वायफाय, ध्वनी, झोपेतून जागे होणे, बाह्य पडदा यांची एकेक करून तपासणी करावी. दोष आढळल्यास शेवटची चांगली आणि पहिली बिघडलेली आवृत्ती नोंदवावी. या दोन टोकांमधील बदल गिटच्या ‘बायसेक्ट’ सोयीने दर वेळी निम्मे करत जाता येतात आणि हजारो बदलांतून दोषी बदल दहा-पंधरा चाचण्यांत हाती लागतो. विकसकांच्या प्रयोगशाळेत प्रत्येक लॅपटॉप असू शकत नाही. त्यामुळे घरी नीट तपासून कळवलेला असा दोष पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होऊन तेच हार्डवेअर वापरणाऱ्या सर्वांच्या उपयोगी पडतो.