चांदण्या रात्रींची नोंदवही

इंग्लंडमधल्या बेडफर्डशायर परगण्यात टेम्प्सफर्ड नावाचे एक लहानसे खेडे आहे. लंडनहून उत्तरेकडे जाणारा जुना हमरस्ता आणि रेल्वेची मुख्य लाइन, दोन्ही या गावाजवळून जातात. दुसऱ्या महायुद्धात गावालगतच्या शेतजमिनीवर एक विमानतळ बांधला गेला. १९४२च्या वसंत ऋतूत शाही हवाई दलाच्या १३८ आणि १६१ क्रमांकांच्या दोन तुकड्या येथे आल्या आणि पुढची तीन वर्षे येथून एक विलक्षण वाहतूक चालली. जर्मनांनी व्यापलेल्या युरोपात रात्रीच्या वेळी हेर, शस्त्रे, स्फोटके आणि बिनतारी यंत्रे पोहोचवणे, आणि जमल्यास तिकडची माणसे परत आणणे, हे या तुकड्यांचे काम होते. ही माणसे प्रामुख्याने ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ या १९४० साली स्थापन झालेल्या गुप्त संघटनेची असत.

माझा या विमानतळाशी संबंध आला तो बडोद्यामुळे. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी बडोद्यात गायनशाळा काढली, हे संगीताच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. त्यांचे नातू इनायत खान १९१०मध्ये भारताबाहेर पडले आणि सूफी विचारांचे शिक्षक म्हणून पश्चिमेत प्रसिद्ध झाले. त्यांची थोरली मुलगी नूर हिचा जन्म १९१४ साली मॉस्कोत झाला आणि ती पॅरिसजवळ वाढली. फ्रान्स पडल्यावर ती इंग्लंडला आली, हवाई दलाच्या महिला शाखेत दाखल झाली आणि १९४३च्या जूनमध्ये बिनतारी संदेशवाहक म्हणून पुन्हा फ्रान्समध्ये उतरली. तिला नेणारी विमानतुकडी १६१ क्रमांकाची होती. नूरचे कागद पाहता पाहता मी टेम्प्सफर्डच्या कागदांत शिरलो आणि तेथे मला एक वेगळाच प्रश्न दिसला. ज्यांचे वडील, आजोबा, आत्या किंवा मावशी या विमानतळावर होत्या, त्यांना आपले माणूस कागदात सापडत का नाही?

पहिले कारण उघड आहे. ही माणसे बोलली नाहीत. गोपनीयतेच्या कायद्याखाली सही केलेली. युद्ध संपले तरी ती सवय सुटली नाही. ‘मी इंजिने दुरुस्त करत होतो’, ‘मी गाडी चालवत होते’, एवढेच मुलांच्या कानावर आले. पण दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. हा विमानतळ मुळातच अशा रीतीने चालवला जात होता की एका दालनातल्या माणसाचे नाव दुसऱ्या दालनात जाऊ नये. वैमानिकांना प्रवाशांची खरी नावे सांगत नसत. तुकडीच्या बोलीत प्रत्येक हेर म्हणजे नुसता ‘जो’. हेरांना विमानतळाचे नाव कळू नये अशीही दक्षता घेत. हवाई दलाच्या कागदात विमान आणि वैमानिक सापडतात, प्रवासी सापडत नाही; गुप्त संघटनेच्या कागदात प्रवासी सापडतो, विमान क्वचितच. नातेवाईक मात्र हातात एक नाव घेऊन येतात आणि दोन्ही दारांवरून परत जातात.

या दोन दालनांना जोडणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तारीख. शोध नावापासून सुरू झाला तरी तो लवकरात लवकर तारखेवर आणावा लागतो.

त्याची रीत अशी. प्रथम आपल्या माणसाचा सेवापट मिळवायचा. हे पट दीर्घकाळ ब्रिटिश संरक्षण खात्याकडे होते. २०२२पासून ते टप्प्याटप्प्याने लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जात आहेत. पटावर कामगिरीचे वर्णन नसते. असतात त्या बदल्यांच्या तारखा आणि तुकड्यांचे आकडे. ‘१३८’ किंवा ‘१६१’ हा आकडा आणि १९४२ ते १९४५मधली तारीख एकत्र दिसली, की माणूस टेम्प्सफर्डचा असण्याचा संभव बळावतो. १३८ क्रमांकाची तुकडी १९४५च्या मार्चमध्ये हे काम सोडून साध्या बाँबफेकीकडे वळली, म्हणून शेवटच्या महिन्यांची तारीख विशेष काळजीने पाहायची.

त्यानंतर अभिलेखागारातील ‘एआयआर २७’ ही मालिका उघडायची. तीत प्रत्येक तुकडीची दैनंदिन नोंदवही आहे. एका नमुन्यावर दिवसाचा गोषवारा, दुसऱ्यावर त्या रात्री उडालेल्या प्रत्येक विमानाचा क्रमांक, त्यातील माणसे, निघाल्याची आणि परतल्याची वेळ. बाँबफेकी तुकड्यांच्या वह्यांत पुढे मोठे वर्णन असते. येथे ते फार त्रोटक. कामगिरी पार पडली की नाही, एवढेच अनेकदा. जमिनीवरचे यंत्रज्ञ, हवाईछत्र्या घडी करणाऱ्या बायका, मोटारचालक यांची नावे तर या वहीत जवळजवळ येतच नाहीत. त्यांच्या वारसांनी नाव शोधत बसू नये. आपला माणूस ज्या काळात तेथे होता, त्या काळातल्या रात्री वाचाव्यात. त्यातले प्रत्येक विमान कोणीतरी तयार करून दिलेले होते.

घरात उड्डाणाची खासगी वही असेल तर एक खूण लगेच दिसते. वैमानिकाच्या मोहिमा महिन्याच्या ठरावीक दिवसांतच दाटलेल्या असतात, मधले दिवस रिकामे. याचे कारण चंद्र. लायसँडर या छोट्या विमानात वैमानिक एकटाच असे. गुडघ्यावर नकाशा ठेवून, खाली चमकणाऱ्या नद्या ओळखत तो फ्रान्समधले एखादे कुरण गाठायचा. खाली तीन विजेऱ्या इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकारात लावलेल्या आणि ठरलेल्या अक्षराचा लुकलुकता इशारा, एवढीच धावपट्टी. हे चांदण्याशिवाय अशक्य होते. म्हणून पौर्णिमेच्या मागचापुढचा आठवडा हाच कामाचा हंगाम. पुढे जमिनीवरून संकेत देणारी उपकरणे आल्यावर मोठ्या विमानांना काळोख्या रात्रीही टाकणी करणे शक्य झाले. तरी १९४२-४३च्या तारखा पंचांगाशी ताडून पाहाव्यात. नूर गेली ती १६ जून १९४३ची रात्र. ज्येष्ठ पौर्णिमा, म्हणजे आपली वटपौर्णिमा, तेव्हा एक-दोन दिवसांवर आली होती.

त्या रात्रीचे उदाहरण आणखी एका कारणाने उपयोगी आहे. तुकडी टेम्प्सफर्डची असली तरी लायसँडर विमाने चांदण्याच्या दिवसांत दक्षिण किनाऱ्याजवळच्या टँगमिअर विमानतळावरून उडत. तेथून फ्रान्स जवळ पडे. नूर टँगमिअरहून निघाली. तुकडीचे ठाणे आणि उड्डाणाची जागा एकच असेल असे गृहीत धरणारा शोध येथे फसतो. त्या रात्री दोन विमाने होती, वैमानिक फ्रँक रायमिल्स आणि जेम्स मॅकेर्न्स. आंजे शहराजवळ उतरलेल्या प्रवाशांत नूरबरोबर डायना रोडन आणि सेसिली लफोर होत्या. या तिघींपैकी एकही परतली नाही.

आता प्रवाशांचे दालन. गुप्त संघटनेच्या माणसांच्या फायली ‘एचएस ९’ मालिकेत आहेत. मृत्यूचा पुरावा नसेल तर जन्मानंतर १०० वर्षांपर्यंत त्या बंद राहतात. संघटनेचे बरेच कागद युद्धानंतरच्या आगीत आणि छाटणीत गेले. त्यामुळे फाइल नाही म्हणजे माणूस तेथे नव्हता, असे समजू नये.

आणि फाइल आहे म्हणजे ती खरीच असेल, असेही समजू नये. युद्ध संपल्यावर फ्रान्स विभागाच्या अधिकारी व्हेरा अ‍ॅटकिन्स बेपत्ता हेरांचा माग काढण्यासाठी जर्मनीत गेल्या. कैद्यांना ‘रात्र आणि धुके’ या हुकमाखाली नाहीसे केलेले, कागद मुद्दाम ठेवलेले नव्हते. नात्झवायलर छावणीत ६ जुलै १९४४ रोजी चार स्त्रियांना मारल्याचे साक्षीदारांनी सांगितले. त्यांच्या वर्णनावरून चौथी स्त्री नूर असावी असा निष्कर्ष निघाला आणि तो तिच्या कुटुंबाला कळवण्यात आला. नंतर फोर्टसहाइमच्या तुरुंगातल्या एका फ्रेंच कैदी स्त्रीची हकीकत पुढे आली. नूर तेथे साखळदंडात एकान्तवासात होती. जेवणाच्या भांड्याच्या तळाशी खरडून ती इतर कैद्यांना मजकूर पाठवी. ‘नोरा बेकर’ हे नाव आणि लंडनचा पत्ता तिने असाच कळवला होता. ती १९४४च्या सप्टेंबरपर्यंत तेथे होती. मग ती जुलैत नात्झवायलरला मेलेली असणे शक्यच नव्हते. पुन्हा तपास झाला तेव्हा खरे ठिकाण कळले: डाखाऊ, १३ सप्टेंबर १९४४. १९४९ साली तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

येथेही चूक सुधारली ती तारखेनेच. आणि ती एकाच घराची चूक नव्हती. नात्झवायलरची चौथी स्त्री सोनिया ओल्शानेत्स्की होती. तिची भरती फ्रान्समध्येच झाल्यामुळे लंडनला तिची ओळख नव्हती. नूरचे नाव चुकीच्या जागी होते तोवर सोनियाला स्वतःची जागाच नव्हती. आपल्या माणसाविषयी ऐकीव गोष्ट पक्की धरून बसलो तर दुसऱ्या कुणाच्या तरी माणसाची वाट अडते, हे मला या प्रकरणाने शिकवले.

हवाई दलाच्या ज्या मृतांना थडगे नाही, त्यांची २० हजारांहून अधिक नावे लंडनच्या पश्चिमेला रनिमीडच्या स्मारकावर आहेत. तेथे इनायत खान हे नावही आहे. टेम्प्सफर्ड गावात हेर स्त्रियांचे स्मारक २०१३ साली झाले. मी मात्र पायवाटेने पुढे जिब्राल्टर फार्मच्या कोठारापर्यंत गेलो. विमानात चढण्यापूर्वी हेरांना येथे सामान देत आणि त्यांचे खिसे तपासत. इंग्रजी बसचे एखादे तिकीटही जिवावर बेतले असते. आता त्या कोठारात पुष्पचक्रे, फोटो आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत. बाहेर लोकांनी आपापल्या माणसासाठी झाडे लावली आहेत.

चिठ्ठ्या वाचताना मी नकळत तारखा पाहू लागलो. काहींवर नुसते नाव होते. काहींवर नावाखाली एक रात्र लिहिलेली होती. तेवढी एक ओळ मिळवायला कुणाला किती वर्षे लागली असतील, याचा अंदाज मला आता येऊ शकत होता.