‘विसरा आता’ म्हणण्याआधी

१९११ साली ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली. तरीही ते भामिनी होऊन रंगमंचावर उभे राहिले. मराठी रंगभूमीने ही गोष्ट कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून आजवर जपली आहे. मूल गमावलेल्या कुणाकडूनही आपली अपेक्षा साधारण अशीच असते: विसरावं, कामाला लागावं, मन घट्ट करावं. संशोधकांनी हे तिन्ही सल्ले तपासून पाहिले आहेत. त्यांतला एकच, तोही अर्धा, टिकतो.

हे दुःख शरीरापर्यंत कसं पोचतं ते आधी पाहू. डेन्मार्कमध्ये नागरिकांच्या जन्म-मृत्यूच्या पक्क्या नोंदी असतात. त्यांतून १९८० ते १९९६ या काळात मूल गमावलेले २१,०६२ आई-वडील निवडून इतर सुमारे २ लाख ९४ हजार पालकांशी त्यांची तुलना झाली. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. मूल गमावलेल्या आयांचं मृत्यूचं प्रमाण ४३ टक्क्यांनी जास्त होतं. पहिल्या तीन वर्षांत अपघात, आत्महत्या अशा अनैसर्गिक कारणांनी झालेले मृत्यू तर जवळपास चौपट होते. वडिलांमध्ये वाढ दिसली ती मुख्यतः सुरुवातीच्या काळातच. मुळात असे मृत्यू विरळ असतात आणि बहुसंख्य पालक यातून तगतात. पण आपल्याकडे तेराव्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ आटते, आणि जपायची असतात ती पुढची तीन वर्षं. तान्हं बाळ गेलं तर अनेक घरांत दहावं-तेरावंही होत नाही. म्हणजे त्या आईच्या दुःखाला तेवढे दिवससुद्धा मिळत नाहीत.

आता पहिला सल्ला, ‘विसरा’. त्याला एकेकाळी शास्त्राचाही आधार होता. गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घेणं हेच शोकाचं काम, असं मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये मांडलं होतं. १९२० मध्ये त्यांची मुलगी सोफी फ्लूच्या साथीत गेली. नऊ वर्षांनी, मुलगा गमावलेल्या बिन्सवांगर या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांचा सूर पार बदललेला दिसतो. शोकाची धार ओसरते, पण ती जागा भरत नाही, आणि भरू नये हेच बरोबर, असा त्याचा आशय आहे. पुढे अमेरिकेत संशोधक डेनिस क्लास यांनी मूल गमावलेल्या पालकांच्या गटात वर्षानुवर्षं बसून त्यांचं ऐकलं. हे पालक मुलाशी असलेलं नातं तोडत नव्हते, त्याला नवं रूप देत होते. १९९६ पासून हा विचार शास्त्रात रुळला. आपल्याकडे आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांत गेलं. त्यातूनच डॉक्टर होण्याची त्यांची जिद्द पक्की झाली.

‘कामाला लागा’ हा सल्ला टिकतो, पण अर्धा. नेदरलँड्सच्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं, की सावरणारं मन झोक्यासारखं हलत राहतं. कधी ते दुःखात बुडतं, तर कधी गॅस बुक करणं, धाकट्याची फी भरणं यांत गुंततं. दोन्ही लागतं. आठवड्यात ऑफिसला गेलेला बाप म्हणून निर्दय ठरत नाही आणि वर्षानंतरही दप्तर उघडून रडणारी आई दुबळी ठरत नाही.

‘तिच्यासाठी तू खंबीर राहा’ हा सल्ला मात्र सपशेल पडतो. स्ट्रोब यांच्याच गटाने मूल गमावलेल्या २१९ जोडप्यांचा मृत्यूनंतरच्या २० व्या महिन्यापर्यंत मागोवा घेतला. जोडीदाराला त्रास नको म्हणून जे आपलं दुःख गिळत राहिले, त्यांचं स्वतःचं दुःख वाढलंच, शिवाय ज्याच्यासाठी गिळलं त्याचंही वाढलं. नवऱ्याने बाथरूममध्ये नळ सोडून रडायचं आणि बायकोने उशीत तोंड खुपसून, यात दोघंही एकटे पडतात.

काहींचा शोक थिजतो. वर्ष उलटलं तरी रोज तीच तळमळ आणि जगण्यात अर्थच न वाटणं, अशी स्थिती राहिली तर उपचार घ्यावेत. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाला आता वैद्यकीय वर्गीकरणात स्वतंत्र स्थान आहे. मनोविकारतज्ज्ञ कॅथरीन शिअर यांनी त्यासाठी घडवलेल्या उपचारपद्धतीत मृत्यूची हकिगत पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, टाळलेल्या जागी हळूहळू परत नेतात. २०१६ च्या चाचणीत या उपचाराला नैराश्यावरच्या गोळीची जोड दिल्यावर नैराश्य आणखी कमी झालं. शोक हलला तो या संवादाने. जीव नकोसा वाटत असेल तर वर्षाची वाट पाहू नये. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येतं, मराठीतही.

आणि भेटायला जाणाऱ्यांनी ‘दुसरं होईल’ हे वाक्य कायमचं सोडून द्यावं. मुलाचं नाव घ्यावं, त्याच्याबद्दल विचारावं. ‘मुलं किती?’ या प्रश्नाला एखाद्या आईने ‘दोन’ असं उत्तर दिलं आणि घरात एकच दिसत असेल, तर तिचा हिशेब दुरुस्त करायला जाऊ नये.