सरकारने दिलेली जमीन आणि तिची शर्त

सातबाराचा उतारा हाती आला म्हणजे आमचे शेतकरी बांधव प्रथम आपले नाव पाहतात, नंतर क्षेत्र व आकार पाहतात, आणि कागदाची घडी घालून पेटीत ठेवतात. 'भोगवटादार वर्ग' म्हणून जे लहानसे सदर त्यावर असते, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तेथे १ आहे की २, यावर ती जमीन आपणांस मोकळेपणाने विकता येईल की नाही हे अवलंबून असते. महसुली दप्तर सांभाळण्यात आमचे आयुष्य गेले. मुलीच्या लग्नाकरिता जमीन विकावयास निघालेला मनुष्य हा आकडा प्रथमच पाहून हतबुद्ध झालेला आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. म्हणून या शर्ती आल्या कोठून, ते येथे थोडक्यात सांगतो.

पेशवाईत आमच्या मीननेर, कुकडनेर व घोडनेर या खोऱ्यांत जमीन कसणारे मुख्यतः दोन प्रकारचे असत. वंशपरंपरेने जमीन धारण करणारा तो मिरासदार, आणि कौलाने कसणारा तो उपरी. १८१८ साली इंग्रजी अंमल आला. पुढे १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट या साहेबांनी नवी मोजणी सुरू केली. प्रत्येक शेतास नंबर मिळाला, मातीची प्रत आण्यांनी ठरली, व आकार तीस वर्षांकरिता कायम झाला. मिरासदार व उपरी हा भेद मावळला. सारा भरावा व जमीन कसावी. ती विकण्यास, गहाण टाकण्यास वा सोडून देण्यास खातेदार मुखत्यार. १८६५ चा व १८७९ चा असे दोन्ही कायदे याच पायावर उभे राहिले.

परंतु या मुखत्यारीचा लाभ सावकारानेही घेतला. जमीन विकता येते म्हटल्यावर ती कर्जात बुडूही लागली. १८७५ च्या मे महिन्यात सुप्यास कर्जरोख्यांची होळी झाली आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळानंतर, १९०१ साली, सरकारने आणखी एक पाऊल टाकले. साऱ्याच्या बाकीसाठी जप्त झालेली जमीन पुन्हा द्यावयाची, पण परवानगीवाचून ती दुसऱ्यास देता येणार नाही, या शर्तीवर. हीच 'नवी शर्त'. रयतेची पत बुडेल असे म्हणून फिरोजशहा मेहता व गोपाळ कृष्ण गोखले यांनी कायदे कौन्सिलात तीस कसून विरोध केला आणि अखेर सभात्याग केला. तरी कायदा झालाच.

याच राणीसरकारने मळेवाल्यांस जमीन कशी दिली, तेही पाहण्याजोगे आहे. १८६१ साली लॉर्ड कॅनिंग यांनी पडीत जमिनीविषयी ठराव केला. त्याअन्वये चहा-कॉफीच्या मळ्यांकरिता ३००० एकरांपर्यंत जमीन पूर्ण मालकीने, साऱ्याच्या बोज्यातून कायमची मुक्त करून विकण्याचे ठरले. आसाम व निलगिरी येथील मळेवाल्यांनी अशा सवलतींचा मोठा फायदा घेतला. मळेवाल्यास मालकी मिळाली. रयतेकडे सारा राहिला, आणि पुढे शर्तही आली.

तिकडे मॉरिशस बेटात आमचे कोकणातील मराठी लोक १८३४ नंतर करारबंद मजूर म्हणून गेले. त्या बेटाच्या नावावरूनच पांढऱ्या साखरेस आपल्याकडे 'मोरस' म्हणत. साखरेचे भाव पडल्यावर १८८० नंतर मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे करून विकावयास काढले, तेव्हा मजुरांनी पै-पै साठवून ते विकत घेतले. जमीन मिळविण्याकरिता त्यांस पिढी घालवावी लागली. आज आपल्या दोन्ही तालुक्यांत ऊस उभा आहे. त्याखालील जमीन कोणत्या हक्काची, हे आपणांस ठाऊक असावे, इतके तरी त्यांपासून शिकावे.

स्वराज्यात शर्तीच्या जमिनी कमी न होता वाढल्या. इनामे व वतने खालसा झाली. महार वतनासारखी कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने गेली, पाटीलकी १९६२ च्या. त्या जमिनी बहुधा नव्या शर्तीने परत मिळाल्या. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कुळे मालक मानली गेली, त्यांच्या जमिनींसही बंधन लागले. डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले; अशा प्रकल्पग्रस्तांस ज्या जमिनी मिळतात त्याही बहुधा वर्ग २ च्याच. १९६६ च्या महसूल संहितेने या साऱ्या एका सदराखाली आणल्या. पश्चिमेकडील आदिवासी बांधवांच्या जमिनी बिगर आदिवासीकडे जाऊ नयेत म्हणून त्यांस वेगळे संरक्षण आहे.

शर्त म्हणजे केवळ जाच, असे आम्ही म्हणत नाही. तिने पुष्कळ गरिबांची जमीन त्यांच्या हाती राखली आहे. परंतु न वाचलेली शर्त मात्र घात करते. परवानगीवाचून खरेदीखत झाले तर तो शर्तभंग होतो. घेणाऱ्याचा पैसा अडकतो आणि जमीन सरकारजमा होण्याचा प्रसंग येतो.

म्हणून वाचकांस आमचे सांगणे एवढेच. उताऱ्यावर वर्ग २ दिसल्यास तलाठ्याकडून त्याचा मूळ फेरफार काढावा, व जमीन वतनाची, कुळकायद्याची की पुनर्वसनाची, हे पाहावे. कारण प्रत्येकीची वाट वेगळी. कुळकायद्याने खरेदी झालेल्या जमिनीस दहा वर्षे होऊन गेली असतील, तर २०१४ च्या सुधारणेप्रमाणे आकाराच्या चाळीसपट नजराणा भरून ती शेतकऱ्यास विकता येते, पूर्वपरवानगी लागत नाही. इतर बहुतेक प्रकारांत ती आधी घ्यावी लागते. सहकारी सोसायटीच्या कर्जास तारण देण्यास मात्र वर्ग २ सहसा आड येत नाही, हे ध्यानात ठेवून सावकाराच्या दारी जाणे टाळावे. आणि जमीन विकत घेताना तर इसारा देण्यापूर्वीच हा आकडा पाहावा. इसारा दिल्यावर तो पाहून काही उपयोग नाही.