ट्रॉम्बेचा धूर आणि चाळीचं जोतं

लालबागमध्ये बिल ‘बेस्ट’चं येतं, पण वीज वर्षानुवर्षं टाटांची. 1915 साली खोपोलीची पाण्यावरची वीज परळच्या गिरण्यांना मिळू लागली, गिरणीतलं वाफेचं इंजिन हळूहळू थंडावलं. 1956 मध्ये ट्रॉम्बेला औष्णिक केंद्र उभं राहिलं आणि धुराडं परत आलं. फक्त गिरणगावाच्या नजरेआड, चेंबूरपलीकडे.

या केंद्राच्या 500 मेगावॉटच्या पाचव्या संचाला 1988 साली समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची सोय झाली. गंधकाचा वायू खाऱ्या पाण्यात विरघळतो. कार्बन डायऑक्साइड मात्र निसटतो. धुरात तो जेमतेम 12 ते 14 टक्के. त्याला धरायला अमाइनचं द्रावण लागतं, आणि द्रावणातून सोडवायला सुमारे 120 अंशांची उष्णता. ती उष्णता देणारी वाफ जाते टर्बाइनच्या तोंडची. संचाची पाचवा हिस्सा वीज त्यातच खर्ची पडू शकते. विंध्याचलच्या वीज केंद्रात एनटीपीसीने 2022 मध्ये दिवसाला 20 टन वायू पकडणारं यंत्र बसवलं. 500 मेगावॉटचा एक संच पूर्ण जोराने चालला तर दिवसाला दहा हजार टनांच्या घरात वायू सोडतो! तेव्हा टाळ्या जरा जपूनच वाजवाव्यात.

पकडलेला वायू ठेवायचा कुठे? पवईच्या आयआयटीत यासाठी राष्ट्रीय केंद्र आहे, आणि तिथल्या संशोधकांचा डोळा दख्खनच्या बेसॉल्टवर आहे. गिरगावात एखाद्या जुन्या चाळीचं जोतं जवळून बघा. काळ्या पत्थरात मध्येच पांढरे ठिपके दिसतात. लाव्हारसातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्या पुढे पाझरत्या पाण्याने कॅल्साइट, झिओलाइट अशा खनिजांनी भरल्या, त्या या. कार्बनयुक्त पाणी, दगडातलं कॅल्शियम, आणि त्यांचा झालेला दगड: आइसलँडच्या कार्बफिक्स प्रयोगात हेच घडवलं, आणि सोडलेल्या वायूपैकी 95 टक्के दोन वर्षांच्या आत खनिज झाला.

पण आइसलँडचा दगड कोवळा, आपला साडेसहा कोटी वर्षांचा. पांढरा ठिपका म्हणजे जागा आधीच भरलेली. किती पोकळी उरली आहे, हे बोअर मारल्याशिवाय कळणार नाही. कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी मारलेल्या बोअरमध्ये बेसॉल्टची जाडी 930 मीटरच्या आसपास निघाली. मात्र 1967 चा भूकंप सोसलेल्या त्या जमिनीत कोणी दाबाने काही सोडू नये. शिवाय या पद्धतीत टनभर वायूमागे सुमारे पंचवीस टन पाणी लागतं. मुंबईच्या पिण्याचं भातसाचं पाणी त्यासाठी कोण देईल? समुद्राचंच वापरावं लागेल, आणि जागाही किनाऱ्यालगतच शोधावी लागेल.